सात वर्षांच्या पक्षाचे कागद

आयर्लंडमधला डेमोक्रॅटिक लेफ्ट हा डावा पक्ष मार्च १९९२ मध्ये नाव घेऊन उभा राहिला आणि जानेवारी १९९९ मध्ये लेबर पक्षात विलीन झाला. त्याचं प्रचारसाहित्य मी डब्लिनमध्ये राहून जमवतो. एवढ्या कमी काळाच्या पक्षाचा संग्रह लवकर पुरा होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. कागद मिळतात. मिळालेला कागद खरोखर याच पक्षाचा आहे का आणि कोणत्या महिन्याचा, हे ठरवण्यात सगळा वेळ जातो. पत्रकांवर तारीख छापण्याची पद्धत नाही, आणि तारखेविना पत्रक म्हणजे नुसता जुना कागद.

आधी पक्षाचा कालक्रम पाठ हवा. फेब्रुवारी १९९२ मध्ये वर्कर्स पार्टीच्या, म्हणजे ज्या पक्षातून डेमोक्रॅटिक लेफ्ट निघाला त्याच्या, विशेष अधिवेशनात पक्षाची नव्याने बांधणी करण्याचा ठराव आला. बाजूने २४१ आणि विरोधात १३३ मतं पडली. मंजुरीला दोन-तृतीयांश मतं लागत होती, त्याला नऊ कमी पडली आणि ठराव फसला. सात खासदारांपैकी सहा जण बाहेर पडले, पक्षाचे नेते प्रॉन्शियस दे रोसा त्यांतलेच एक. नवं नाव ठरेपर्यंत त्यांनी काही आठवडे 'न्यू अजेंडा' या नावाने काम केलं. म्हणून न्यू अजेंडाचं कुठलंही पत्रक दिसलं की मी किमतीवर घासाघीस करत नाही. त्या नावाचा काळच इतका तुटपुंजा आहे.

पुढच्या सात वर्षांत सार्वत्रिक निवडणुका दोनच झाल्या, २५ नोव्हेंबर १९९२ आणि ६ जून १९९७. दोन्ही वेळा चार जागा आल्या. १९९४ मध्ये डब्लिन साउथ-सेंट्रलमध्ये एरिक बर्न आणि कॉर्क नॉर्थ-सेंट्रलमध्ये कॅथलीन लिंच पोटनिवडणुकीत निवडून आले. नवखा संग्राहक एका ठिकाणी हमखास फसतो. काउंटी कौन्सिलच्या निवडणुका १९९१ आणि १९९९ मध्ये झाल्या, म्हणजे एक पक्ष जन्मण्याआधी आणि दुसरी विलीनीकरणानंतर. मधल्या काळात, १९९४ मध्ये, फक्त नगरपातळीवरच्या निवडणुका झाल्या. तेव्हा 'डेमोक्रॅटिक लेफ्ट, काउंटी कौन्सिल निवडणूक' असं वर्णन करून कोणी पत्रक विकत असेल तर वर्णन चुकलेलं आहे. बहुधा ते १९९१ चं वर्कर्स पार्टीचं असतं, माणसं तीच आणि छायाचित्रंही तीच. मी अशी पत्रकंही घेतो, पण वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो.

दुसरा फसवा प्रकार नावाचा. ब्रिटनमध्ये कम्युनिस्ट पक्ष १९९१ मध्ये विसर्जित झाला आणि त्यातून निघालेल्या संघटनेचं नावही डेमोक्रॅटिक लेफ्टच होतं. ऑनलाइन शोध घेतला की दोन्हींचे बिल्ले आणि पुस्तिका एकाच यादीत येतात. पैसे भरण्याआधी मी विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा फोटो मागवतो. लंडनचा पत्ता दिसला तर सोडून देतो. पत्ता बेलफास्टचा असेल तर मात्र थांबून बघतो, कारण आयरिश पक्ष उत्तर आयर्लंडमध्येही काम करत होता आणि १९९६ च्या तिथल्या फोरम निवडणुकीत, म्हणजे शांतता-चर्चेसाठी प्रतिनिधी निवडण्याच्या निवडणुकीत, उतरला होता.

आता मुख्य काम, कागद वाचणं. पत्रक हातात आलं की मी मजकुराकडे नंतर वळतो, आधी तळाची बारीक ओळ पाहतो. आयर्लंडच्या निवडणूक कायद्याप्रमाणे प्रचाराच्या कागदावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता छापावा लागतो. त्यावरून मतदारसंघ कळतो. मग ठरलेल्या खुणा तपासतो. दे रोसा यांच्या नावापुढे समाजकल्याण मंत्री असं असेल तर कागद डिसेंबर १९९४ ते जून १९९७ या काळातला, कारण तीन पक्षांचं 'रेनबो' सरकार तेवढाच काळ होतं. कॅथलीन लिंच यांच्या नावामागे 'टीडी', म्हणजे खासदार, लागलं असेल तर तो नोव्हेंबर १९९४ नंतरचा. एरिक बर्न यांच्याबाबत जपून पावलं टाकावी लागतात. १९९२ ची निवडणूक ते दहा दिवस चाललेल्या फेरमोजणीनंतर पाच मतांनी हरले आणि १९९४ मध्ये परत आले, त्यामुळे 'टीडी' ही खूण दोन वेगळ्या काळांत लागू पडते. डब्लिनच्या टाला किंवा डन लिअरी या उपनगरांतल्या पत्रकात साउथ डब्लिन किंवा डन लिअरी-रॅथडाउन या कौन्सिलांचा उल्लेख असेल तर तो जानेवारी १९९४ नंतरचा, कारण जुनी डब्लिन काउंटी तेव्हा विभागली गेली.

उमेदवाराला प्रत्येक मतदाराला एक पत्र विनातिकीट पाठवता येतं. त्यावर तिकिटाच्या जागी आयरिशमध्ये 'लितिर उम हौखॉन', म्हणजे निवडणूक पत्र, असं छापलेलं असतं. ही पत्रं हजारोंनी वाटली गेली आणि हजारोंनी कचऱ्यात गेली. बरेचदा ती पत्त्याच्या लेबलासकट मिळतात. ते लेबल सोलू नका, खालचा कागद फाटतो. स्कॅन करताना मी त्यावर कोऱ्या कागदाची पट्टी ठेवतो, म्हणजे कोणाचं नाव बाहेर जात नाही.

गोळा कुठून करायचं? जुन्या कार्यकर्त्यांची घरं, त्यांच्या वारसांनी रिकामे केलेले माळे, धर्मादाय दुकानांतले पुस्तकांचे खोके आणि जुन्या पुस्तकांचे बाजार. घरातून घेताना मी एकच विनंती करतो: निवडू नका, होतं तसं द्या. माणसं नेत्याचा मोठा फोटो असलेलं जपतात आणि 'आम्ही आलो होतो, तुम्ही घरी नव्हतात' अशी दाराच्या फटीत टाकलेली चिठ्ठी फेकून देतात. मला ती चिठ्ठी हवी असते. कारण कोणत्या वस्तीत, कोणत्या प्रश्नावर मत मागितलं, हे तिच्यावरच लिहिलेलं असतं. गठ्ठ्यात कधी खुणा केलेली मतदारयादी निघते, म्हणजे कोणतं घर कोणाला मत देणार याची टिपणं. ती मी स्कॅन करत नाही, कोणाला दाखवतही नाही. ती माणसं अजून त्याच गल्लीत राहत असतील.

सार्वमताचे कागद विसरू नका. १९९२ चा युरोपीय संघाचा मास्ट्रिक्ट करार, २४ नोव्हेंबर १९९५ चं घटस्फोटाला परवानगी देण्याचं सार्वमत, १९९८ चा उत्तर आयर्लंडच्या शांततेचा गुड फ्रायडे करार. घटस्फोटाच्या बाजूने ९,११४ मतांची निसटती आघाडी होती, म्हणून त्या मोहिमेचं प्रत्येक पत्रक मला मोलाचं वाटतं. १९९७ च्या राष्ट्राध्यक्षपदासाठी एडी रोश यांना लेबर, डेमोक्रॅटिक लेफ्ट आणि ग्रीन यांनी मिळून पाठिंबा दिला. ते साहित्य बहुतेक जण लेबरच्या खोक्यात टाकतात, तिथेही शोधावं.

जपणुकीत सगळ्यात आधी फॅक्स. नव्वदच्या दशकातली प्रसिद्धिपत्रकं चकचकीत थर्मल कागदावर, म्हणजे उष्णतेने अक्षर उमटणाऱ्या कागदावर, यायची. नखाने कोपऱ्यावर हलकी रेघ ओढून पाहा, काळी उमटली तर कागद थर्मल आहे. त्याची अक्षरं फिकट होत जातात आणि पीव्हीसीच्या पाकिटात तर फार लवकर जातात. लॅमिनेशन अजिबात नको, उष्णतेने सगळा कागद काळा पडतो. आला त्याच दिवशी ६०० डीपीआयला स्कॅन करायचा आणि एक प्रत साध्या कागदावर काढून सोबत ठेवायची.

पत्रकांसाठी पॉलिएस्टरची पाकिटं आणि आम्लमुक्त फोल्डर. स्वस्त मऊ पाकिटं पीव्हीसीची असतात, काही वर्षांत शाई त्यांना चिकटते आणि पत्रकाचा रंग पाकिटाला लागून येतो. पाकिटात घालण्यापूर्वी स्टेपलच्या पिना काढायच्या. ओढून काढू नका. मागच्या बाजूने टोकं चपट्या पात्याने उचलून सरळ करायची आणि मग पुढून पिन सोडवायची. गंजलेली पिन ओढली की तिच्याभोवतीचा तपकिरी कागद तिच्यासकट निघतो. रबरबँड दिसला की कापून टाका. नोंद मागच्या कोपऱ्यात २बी पेन्सिलने, तीही कागद एकटा कडक पाटीवर ठेवून, नाहीतर खालच्यावर वळ उठतात. ओलाव्याकडे इथे फार लक्ष द्यावं लागतं. खोके बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवले की हिवाळ्यात भिंतीच्या बाजूने बुरशी येते. चार बोटांचं अंतर सोडा आणि खोके जमिनीवर ठेवू नका.

खांबावरचे पन्हळी प्लास्टिकचे फलक जागा खातात. मतदानानंतर सात दिवसांत ते उतरवावे लागतात, घाईत केबल टाय कापण्याऐवजी ओढले जातात आणि भोकं फाटतात. फाटलेली भोकं मी चिकटवत नाही. तो फलक खरंच खांबावर होता याचा तोच पुरावा आहे. धुताना कोमट पाणी आणि मऊ कापड, साबण नाही. पन्हळीत शिरलेलं पाणी निघावं म्हणून दोन दिवस उभा ठेवायचा. एकावर एक रचताना मध्ये कागद घालायचा, नाहीतर शाई शाईला चिकटते.

स्कॅनच्या फाइलला नाव देताना तारीख आधी, मग मतदारसंघ, उमेदवार, प्रकार. तारीख अनुमानाची असेल तर मी 'अंदाजे' लिहितो आणि कोणत्या खुणेवरून ठरवली तेही. नुसतं साल टाकलं तर पाच वर्षांनी ते मलाच पक्कं वाटू लागतं. दोन प्रती झाल्या की दुसरी मी देऊन टाकतो. पक्षाचे स्वतःचे दप्तर डब्लिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि उत्तरेकडच्या कागदांसाठी बेलफास्टचं लिनन हॉल ग्रंथालय आहे. देण्याआधी यादी पाठवून विचारावं, न विचारता खोका नेऊन ठेवू नये. खोक्यात वर एक कागद मी नेहमी ठेवतो: कोणत्या भागातून आलं, कधी आलं, आणि गठ्ठा कोणत्या क्रमाने बांधलेला होता.