रविवारचं वाचन : बियाणं

शनिवार, रात्रीचे अकरा.

उद्या सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही दहा-बारा जण जमणार. वाचायचं काय ते दर आठवड्याला मी निवडते. आज सात लेख समोर होते. चार बाजूला ठेवले. त्यातला एक २०५० सालच्या जगाबद्दल होता, भाषा सुरेख, पानोपानी आकडे. पण गेल्या महिन्यात असाच एक लेख वाचल्यावर शेतकरी काकांनी विचारलं होतं, "ताई, हे मोजलं कुणी?" मला सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून आधी तेच बघते.

उरलेले तिन्ही बियाण्यांचे. पहिला स्वालबार्डचा. उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या त्या बेटांवर डोंगराच्या पोटात २००८ पासून जगभरातलं बी उणे १८ अंशांत ठेवतात. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोजवळच्या बीजपेढीचं काम तिथून चालवणं अशक्य झालं, तेव्हा २०१५ मध्ये तिच्या शास्त्रज्ञांनी स्वालबार्डमधली आपली ठेव पहिल्यांदा बाहेर काढली, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरली आणि दोन वर्षांनी नवं बी पुन्हा स्वालबार्डला नेऊन ठेवलं.

दुसरा रशियातल्या लेनिनग्राडचा. १९४१ ते १९४४ च्या जर्मन वेढ्यात तिथल्या वनस्पतिसंस्थेतली माणसं तांदूळ, गहू, शेंगदाण्यांच्या साठ्याशेजारी उपाशी मेली, पण बियाण्याला हात लावला नाही. संस्था उभी करणारे निकोलाय वाविलोव त्याच काळात स्टालिनच्या तुरुंगात होते. १९४३ मध्ये तेही तुरुंगातच, उपासमारीने गेले. हा लेख मी दोनदा वाचला. दुसऱ्यांदा मध्येच उठून पाणी प्यायले.

तिसरा अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचा. शाळेत न गेलेल्या या बाईंनी वाल, घेवडा, भात, भाज्यांचं गावठी वाण घरात जपलं, बायाबायांत वाटलं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

क्रम ठरवण्यातच तासभर गेला. आधी स्वालबार्ड वर होतं. मग वाटलं, बर्फातलं बी जसं ठेवलं तसंच राहतं. कोंभाळण्याचं बी मात्र दरसाल मातीत जातं. ओढ दिलेला पाऊस, नवी कीड, सगळं सोसून जे टिकतं त्याचंच पुढच्या वर्षी बी धरतात. हवामान असं बदलत असताना आपल्याला दोन्ही लागणार. पण बर्फातल्या बियाण्याच्या तिजोरीला पैसा मिळतो, शेतात वाण जपणाऱ्या बाईला काय मिळतं? उद्या बोलणं यावर व्हायला हवं, म्हणून राहीबाईंना पहिलं ठेवलं.

आईला फोन केला होता. माळ्यावरच्या डब्यात राखेत घातलेलं वालाचं बी अजून आहे म्हणाली. तिच्या सासूच्या हातचं वाण. "मूठभर देते, पण पेरणार असशील तर," म्हणाली. कुंडीत वाल येईल का, ते उद्या काकांना विचारते.