कोरी पाठ
"आजी, यावर नाव कुठंय?"

आज लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये, बॉम्बर कमांडच्या (दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाच्या) स्मारकापाशी बसून डबा खात होतो. शेजारी एक आजीबाई आणि नातू. पोरानं हातातलं पदक उलटं केलं होतं. पाठ साफ कोरी.

"नाव घातलंच नव्हतं. पोस्टानं खोका आला, आपण लक्षात ठेवायचं कुणाचं ते."

तेव्हाच्या ब्रिटिश सैनिकांची ही पदकं बिननावाचीच दिली गेली. निळ्या फितीवर काळ्या-पिवळ्या कडा, खाली पितळी चांदणी, बस्स. बॉम्बर कमांडचे ५५,५७३ जण गेले, पण त्यांच्यासाठी वेगळं पदक कधी निघालंच नाही. २०१३ मध्ये दुसऱ्या एका पदकाच्या फितीवर लावायची एक पट्टी तेवढी मिळाली. घ्यायला किती जण उरले होते, देव जाणे.

स्मारकाच्या छतातलं ॲल्युमिनियम मे १९४४ मध्ये बेल्जियमवर पाडलेल्या एका हॅलिफॅक्स विमानाचं आहे. आत आठ जण होते. १९९७ मध्ये चिखलातून विमान उपसलं, तेव्हा तिघे आतच सापडले. हे माहीत असल्यावर वर बघत पोळीभाजी खाता येत नाही, खरं सांगतो.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) ब्रिटिशांच्या हिंदी फौजेच्या पदकांवर नावं ठोकलेली असायची. गावी पणजोबांचा बर्मा स्टार (ब्रह्मदेशातल्या लढाईचं पदक) आहे, मागे नाव-नंबर सगळं. आणि आम्ही तो सुपारीच्या डब्यात, जुन्या किल्ल्यांसोबत टाकलाय.

आईला फोन केला. म्हणाली, "अरे, तो डबा मागच्या दिवाळीला भंगारात तर नाही ना गेला?"