आईला का नाही आणलं?

गेल्या दिवाळीत ठाण्याच्या तलावपाळीला एका फेरीवाल्याकडे दिव्याच्या तलवारी होत्या. बटण दाबलं की प्लास्टिकची नळी पेटते आणि घूंऽऽ असा आवाज येतो. लेकीने लाल उचलली. मी म्हटलं, अगं निळी घे ना. ती म्हणाली, "लाल वाईट लोकांची असते, माहितेय मला. पण हिचा उजेड जास्त पडतो." दीडशे सांगितले होते, एकशे वीसला दिली.

निळीचा आग्रह धरण्यामागे माझा जुना पक्ष आहे. या तलवारी ज्यातल्या, तो १९७७ साली आलेला 'स्टार वॉर्स' चित्रपट मी पाहिला १९९८ मध्ये, सोळाव्या वर्षी, नौपाड्यातल्या व्हीसीडी लायब्ररीतून आणून. दोन डिस्क. ऐन लढाईत पहिली संपायची आणि उठून दुसरी घालावी लागायची. तेव्हापासून मी जेडाय. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: विश्वभर एक शक्ती भरून आहे, तिला फोर्स म्हणतात. ती वापरणारे दोन पंथ. जेडाय म्हणतात, मन निवांत ठेव, कशात अडकू नकोस, राग आला तर जाऊ दे. लाल तलवारवाले सिथ म्हणतात, रागासारखं इंधन नाही, ते वाया कशाला घालवतोस?

मला जेडाय पटले, कारण एक जेडाय आमच्या घरातच राहत होता. बाबा. भाजीवाल्याने सडका टोमॅटो घातला, असू दे. शेजाऱ्यांनी जिन्यात कपाट ठेवलं, असू दे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली साखळी त्यांना तोंडपाठ होती: विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून काम, कामातून क्रोध, आणि तिथून उतरत उतरत थेट नाशापर्यंत. याच मालिकेतल्या १९९९ च्या चित्रपटात योडा नावाचा तो इवलासा हिरवा म्हातारा भीतीपासून राग, रागापासून द्वेष आणि द्वेषापासून दुःख अशी साखळी सांगतो, तेव्हा मी हसलोच. आमच्याकडे हे रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर चालायचं.

सिथांची बाजू पहिल्यांदा नीट वाचली ती २००३ च्या एका व्हिडिओ गेममध्ये, चरईतल्या मित्राच्या कॉम्प्युटरवर. दोन्ही पंथांच्या प्रतिज्ञा चित्रपटांत कुणी म्हणत नाही. जेडायांची भूमिका वठवत खेळायच्या एका आधीच्या गेममधून आली, सिथांची या गेममधून. सिथांची सुरुवातच अशी की शांती ही थाप आहे. आणि तिथून आवेग, बळ, सत्ता, विजय अशी चढत जाऊन ती बेड्या तुटण्यापाशी पोचते. मित्र लगेच काळ्या बाजूला गेला आणि भराभर जिंकत सुटला. मी चांगुलपणाचे गुण गोळा करत बसलो. बेड्यांचा उल्लेख तेव्हा डोळ्यांखालून गेला, डोक्यात शिरला नाही.

तो शिरला या मे महिन्यात, आईमुळे.

आमची नौपाड्यातली इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आहे, आम्ही वर्तकनगरला भाड्याने राहतो. दुपारी उन्हामुळे बाहेर पडायची सोय नाही, म्हणून लेकीने आजीला १९९९ चा चित्रपट दाखवायला घेतला. आई वाल सोलत होती. लेक मराठीत समालोचन करत होती: हा ॲनाकिन, नऊ वर्षांचा, गुलाम आहे. ही त्याची आई, श्मी, तीपण गुलाम. हा दाढीवाला जेडाय.

या गोष्टीत एक फाशाचा प्रसंग आहे. मालक म्हणतो, शर्यत जिंकलात तर आई किंवा मुलगा, एकच सोडीन. फासा निळा पडला तर पोरगा, लाल पडला तर आई. दाढीवाला हळूच बोट हलवतो आणि फोर्सने फासा निळ्यावर पाडतो. पोरगा शर्यत जिंकतो, सुटतो, आणि मागे वळून बघत आईला सोडून निघतो.

आईने वाल सोलणं थांबवलं. "आईला का नाही आणलं त्यांनी?"

लेक म्हणाली, "अगं आजी, तो म्हणतोच की मी गुलाम सोडवायला आलेलो नाही."

"बरं, मग नंतर?"

नंतर पोराला जेडायांच्या पंचांपुढे उभं करतात. त्याला आईची आठवण येते हे त्यांना कळतं, आणि योडाची ती सुप्रसिद्ध साखळी नेमकी इथेच येते. मी ती इतक्या वेळा ऐकली होती, पण ती कुणाला आणि कशावरून ऐकवली जाते याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. आईचं गेलं. "नऊ वर्षांच्या पोराला आई आठवते म्हणून नापास?"

मी वकिली केली. म्हटलं, पुढचं ऐक तरी. २००२ च्या भागात तो दहा वर्षांनी परत जातो. मधल्या काळात तिला एका शेतकऱ्याने विकत घेऊन, मोकळं करून, तिच्याशी लग्न केलेलं असतं. पण आता वाळवंटातल्या टोळीने तिला पळवलंय. ती याच्या हातात जीव सोडते आणि हा अख्खी वस्ती कापून काढतो, बायका-मुलांसकट. म्हणून जेडाय म्हणतात, अडकू नका.

आई म्हणाली, "दहा वर्षांत एक चक्कर मारता आली नाही कुणाला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. २००५ च्या भागात त्याला बायकोच्या मरणाची स्वप्नं पडू लागतात, तो योडाकडे जातो, आणि योडा सांगतो की जे गमवायची भीती वाटते ते सोडायला शीक. मला हे फार थोर वाटायचं. आता आठवलं की फॅक्टरी बंद पडली तेव्हा बाबांना भेटायला येणारे लोक असंच बोलायचे.

वागळे इस्टेटमधली ती फॅक्टरी १९९६ साली बंद पडली. ग्रॅच्युइटी अडकली, फंडाचे पैसे अडकले. बाबा म्हणाले, मिळतील, असू दे. सहा महिने तसंच गेलं. मग एका सोमवारी आईने कापडी पिशवीत कागद, चष्मा आणि पाण्याची बाटली घातली आणि ती निघाली. मला बरोबर नेलं, कारण इंग्रजी फॉर्म वाचायला कुणीतरी हवं होतं. ती साहेबाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली. माणसं तीच, तारीख पुढची. पुढच्या तारखेला पुन्हा. शिपायाशी ती गुडघेदुखीवर बोलायची, क्लार्कला विचारायची, डबा खाल्लात का. साहेब बाहेर आला की मात्र उभी राहायची आणि तिचा आवाज चढायचा. इतका, की मी पंख्याकडे बघत बसायचो. लाज वाटायची. अकरा फेऱ्यांनंतर फंडाचे पैसे मिळाले. माझी डिप्लोमाची पहिली फी त्यातून भरली गेली. ग्रॅच्युइटी अजून यायची आहे, असं बाबा गमतीने म्हणतात.

म्हणजे घरात जेडाय एक होता, पण जेवायला आम्ही दुसऱ्याच पंथाच्या कमाईवर बसलो होतो. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, तुकोबांनीही नाठाळासाठी काठी राखून ठेवली होतीच की. गीतेतला अर्जुन शेवटी धनुष्य उचलतो, हेही त्यांनीच पुढे जोडलं. मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?

इथवर सगळं आईच्या बाजूने चाललं होतं. पण जुलैत मी स्वतः लाल तलवार काढली, ते सांगायला हवं.

बिल्डरने चौदा महिन्यांचं घरभाडं थकवलं होतं. सोसायटीची पत्रं झाली, मीटिंगा झाल्या. त्या दिवशी मी ऑफिसमधून थेट साइट ऑफिसला गेलो. टेबलामागे वीस-बावीस वर्षांची मुलगी. "सर मीटिंगमध्ये आहेत," म्हणाली. मागच्या चार वेळेलाही तिने हेच सांगितलं होतं. माझा तोल गेला. काय बोललो ते इथे लिहीत नाही. टेबलावर हात आपटला तेव्हा तिच्या चहाचा कप कलंडला आणि ती आधी रजिस्टर उचलून पुसायला लागली. ओढणीने. मान खाली. चहा टेबलाच्या कडेवरून तिच्या पर्समध्ये ठिबकत होता आणि ते तिला दिसत नव्हतं. मला दिसत होतं. तरी मी बोलत राहिलो, आणि खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. छाती मोकळी झाल्यासारखं.

आठव्या दिवशी तीन महिन्यांचा चेक आला.

गोची हीच आहे. चेक आलाच नसता तर मी निमूटपणे पुन्हा निळ्या बाजूला येऊन बसलो असतो. १९८३ च्या भागात तोच ॲनाकिन, काळ्या मुखवट्यातला व्हेडर झालेला, आपल्या पोराला डोळ्यांसमोर छळताना बघतो आणि छळणाऱ्या सम्राटाला उचलून खोल विवरात टाकतो. इथे मला लेकीच्या आधी रडू येतं. ज्या अडकण्यावरून त्याला लहानपणी नापास केलं, तेच अडकणं इथे कामी येतं. पण त्याने सम्राटाला उचललं. मी कुणाला?

घरी चेक दाखवला. आईने रक्कम वाचली, मग कसा मिळाला ते विचारलं. मी सांगितलं. चहाचंही सांगितलं. ती बराच वेळ चेककडेच बघत होती.

"तिच्यावर कशाला? साहेब आतच होता ना?"

अकरा महिन्यांचं भाडं अजून बाकी आहे. चौकशी केली, बिल्डरचा भागीदार शनिवारी अकरा ते एक स्वतः बसतो. मी जाणार आहे. आईही येते म्हणतेय. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तीन जिने चढायचे आहेत, हे सांगून झालं. ती ऐकत नाही. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे: कागद, चष्मा, पाण्याची बाटली. आज त्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक छोटी नवी पर्स दिसली.