काका हसला

काका हसला. वाईट अर्थाने नाही, तसं हसणं त्याला जमतच नाही. पण हसला, आणि फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. मेसमध्ये उकडलेले बटाटे आणि पांढरा सॉस होता, म्हणजे तसं फार काही बुडालं नाही. तरीही.

उत्तर नॉर्वेतल्या पोर्सांगेरच्या फियॉर्डमध्ये, म्हणजे समुद्राच्या लांबलचक खाडीत, आमचं मासे मोजणारं जहाज आत शिरलं की मधूनच चांगलं नेटवर्क येतं. काकाने नेहमीचा प्रश्न विचारला, "आज काय गावलं?" मी सांगितलं, दोन बारके कॉड, थोडे लाल मासे, कोळंबी आणि चिखल. "मग जागा बदला." म्हटलं, जागा बदलता येत नाही रे, ठरलेली आहे. गेल्या वर्षीही इथेच ओढलं होतं, त्याच्या आधीही. तो जरा थांबला. "म्हंजे म्हावरं नाय हे म्हायत असून जालं टाकता? आनि फुडच्या वर्षाला परत तिथंच?" हो. "किती वेळ ओढता?" पंधरा मिनिटं, फार तर अर्धा तास. मग तो हसला. तिथवर ठीक होतं. नंतर त्याने काकीला हाक मारून तिलाही सांगितलं, आणि ती पण हसली. मागे टीव्ही चालू होता. हर्णैतली ती खोली, तो टीव्ही... जाऊ दे.

चाळीस वर्षं दर्यावर गेलेल्या माणसाने माझ्या कामाबद्दल विचारलं आणि उत्तर ऐकून त्याला हसू आलं, हे मला का लागावं? इथे परिषदेत मोठमोठ्या लोकांनी माझं पोस्टर फाडून खाल्ल्यासारखे प्रश्न विचारले, तेव्हा मी शांतपणे कॉफी प्यायले होते.

बाबा असता तर तोही हसला असता. बहुतेक आधी तोच.

कामाची पाळी संपली की बंकवर पडून मी मनातल्या मनात काकाला उत्तरं देते. पहिलं उत्तर सोपं आहे. तुझं काम मासे पकडणं, माझं काम मासे मोजणं. जिथे मासे असतात तिथेच जाळं टाकलं तर दर वर्षी जाळं भरलेलंच येणार. समुद्र अर्धा रिकामा झाला तरी उरलेले मासे जिथे गोळा होतात तिथे चांगला तांडेल पोचतोच. म्हणून आम्ही नॉर्वेच्या किनाऱ्याने, पूर्वेच्या वारांगेरपासून 62 अंशावरच्या स्टाडपर्यंत, 1995 पासून दर शरदात त्याच त्या जागांवर जातो. तेच जाळं, तोच वेग. एका ओढीला काही अर्थ नसतो, पंचवीस-तीस वर्षांच्या ओढी शेजारी शेजारी ठेवल्या की रेघ दिसते. किनाऱ्याच्या कॉडची रेघ नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर खाली गेली ती अशीच दिसली. शून्य ही पण नोंद असते, काका. पटतं ना?

मनातला काका म्हणतो, "तुमच्याकडं मशीन हाय ना? तेच्यात बघा की." आहे. पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणारं, त्याच्या लाँचवर आहे तेच, फक्त किमतीला त्याची अख्खी लाँच येईल असं. पण आवाज परत येतो तो मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. घोळीच्या ज्या बोताला सोन्याचा भाव येतो, तोच अवयव. कॉडलाही तो आहे. मात्र कॉड तळाला चिकटून राहिला तर त्याचा आवाज आणि तळाचा आवाज एकच होऊन जातो. फियॉर्डच्या भिंती तर कड्यासारख्या उतरतात, तिथे यंत्राला तळालगतचं फारच कमी दिसतं. म्हणून यंत्रही आणि जाळंही. हे मी त्याला सांगितलं असतं तर त्याला चटकन कळलं असतं. तो हसला नसता तर सांगितलंही असतं.

आज पुन्हा आतल्या भागात गेलो. हा फियॉर्ड सव्वाशे किलोमीटरच्या आसपास लांब, पण आतला शेवटचा खोलगट भाग बाकीच्यापासून जवळजवळ तुटलेला आहे. मध्ये पाण्याखाली उंचवट्याचा उंबरा आहे, बाहेरचं कोमट पाणी तो ओलांडून तळाशी पोचत नाही. कोमट म्हणजे पाचसहा अंश, आपल्याकडे त्याला कोणी कोमट म्हणणार नाही. आत तळाचं पाणी शून्याच्याही खाली जातं, आणि तिथे ध्रुवाकडचे छोटे कॉड राहतात, जे खरं तर कितीतरी उत्तरेला असायला हवेत. एकेकाळी इथे आतपर्यंत मोठा कॉड मिळायचा. 1970 च्या सुमारास उत्तर नॉर्वेच्या किनाऱ्यावर समुद्री साळिंदरांनी, म्हणजे काटेरी गोळ्यासारख्या जीवांनी, केल्पची, म्हणजे उंच समुद्री शेवाळाची, जंगलं चरून टाकली, मग कॉडची पिल्लं लपणार कुठे, वगैरे. एकच कारण कधीच नसतं.

जाळं वर आलं तेव्हा अंधार पडला होता, दुपारचे तीन-साडेतीनच वाजले असतील. लाल मासे आले, खोलातून वर येताना पोटातली हवा फुगून जठर तोंडातून बाहेर, डोळे बटबटीत. त्यांच्याकडे बघायची सवय मला अजून झालेली नाही. एक किंग क्रॅब. हा इथला नव्हेच, सोव्हिएत शास्त्रज्ञांनी 1960 च्या दशकात पॅसिफिकमधून आणून मुर्मान्स्ककडे सोडला आणि तो चालत चालत नॉर्वेत आला. मी फोटो काकाला पाठवणार होते. नाही पाठवला. रुसवा म्हणजे काय असतो नाहीतर.

कॉड एकच. पट्टीवर ठेवला, वजन केलं, डोकं वरून कापलं आणि कानातले दोन खडे चिमट्याने काढून पाकिटात टाकले. या खड्यांत झाडाच्या खोडासारखी वर्षं असतात. त्यांवरून हेही कळतं की मासा फियॉर्डमध्येच राहणारा आहे की बॅरेंट्स समुद्रात फिरून वसंतात फक्त अंडी घालायला उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांकडे येणारा स्क्राय. पहिल्या वर्षांच्या कड्यांचा आकार दोघांत वेगळा असतो, हे रोलेफसेन नावाच्या शास्त्रज्ञाने 1933 मध्येच दाखवून ठेवलं. मग तू कुठली, असं मागे अनघाने विचारलं होतं, इथली की येऊन-जाऊन असणारी? छान प्रश्न होता, आणि मला त्याचा फार कंटाळा आहे. जूनमध्ये करार संपतोय, तेव्हा उत्तर मिळेलच.

तर शून्य ही पण नोंद असते. इतकं मुद्देसूद उत्तर तयार होतं माझ्याकडे, की आज मी जवळजवळ फोनच लावला. आणि मग न्यूफाउंडलंड आठवलं. काकाला गप्प करायला माझं सगळ्यात मोठं उदाहरण तेच होतं. 2 जुलै 1992 ला कॅनडाने तिथली कॉडची मासेमारी बंद केली, तीसेक हजार लोकांचं काम गेलं. का, तर मोठ्या ट्रॉलरांची जाळी शेवटपर्यंत भरून येत होती आणि त्यांच्या आकड्यांवर विसंबून हिशोब फुगलेले निघाले. बघ, म्हणूनच म्हणते ठरलेल्या जागी ओढायला हवं.

पण गोष्टीचा दुसरा भाग मला आठवायचा नव्हता. किनाऱ्यालगत लहान होड्यांतून मासेमारी करणारी तिथली माणसं ऐंशीच्या दशकातच ओरडत होती की कॉड कमी झालाय, किनाऱ्याला येतच नाही. हिशोब करणाऱ्यांनी तेव्हा त्यांचं पुरेसं मनावर घेतलं नाही. म्हणजे त्या गोष्टीत काका बरोबर निघतो, आणि जहाजावर बसून पाकिटांवर नंबर घालणारी मी...

आणि मासे मोजायचं हे सगळं सुरू कशामुळे झालं, तर काकाच्याच प्रश्नामुळे. 1864 मध्ये नॉर्वेच्या सरकारने गेओर्ग ओसियन सार्स या शास्त्रज्ञाला लोफोटेनला धाडलं, कारण एका वर्षी कॉड धो धो आणि दुसऱ्या वर्षी कोळी उपाशी, असं का, हे कुणाला सांगता येईना. तो गेला आणि त्याला कॉडची अंडी पाण्यावर तरंगताना सापडली. पुढे योहान योर्टने 1914 मध्ये दाखवलं की काही वर्षांची पिल्लं भरमसाट जगतात आणि तीच पिढी पुढे कित्येक वर्षं जाळी भरत राहते. आमचं खड्यांवरून वयं मोजायचं काम त्याच विचाराला धरून आहे. "आज काय गावलं" हा काकाचा रोजचा प्रश्न त्याहून फार वेगळा नाही. फक्त माझं उत्तर यायला तीस वर्षं लागतात, आणि काकाला संध्याकाळी लिलावाच्या वेळेला हवं असतं.

बरं, काकाही मोजतोच. तो डिझेलमध्ये मोजतो. "पयले तासाभरात गावायचं, आता चार तास आत जावं लागतं." तो हे दर गणपतीला सांगतो आणि आम्ही सगळे मान डोलावतो. एका क्रेटमागे किती डिझेल, हे त्याला तोंडपाठ आहे, सालवार. हाच आकडा मी कागदावर मांडला असता तर त्याला भारदस्त नाव देऊन पाच पानं लिहिली असती. रिकाम्या दिवसाची नोंद कोळी ठेवत नाही असं मी अगदी ठसक्यात एका प्रेझेंटेशनमध्ये म्हटलं होतं. साफ खोटं आहे ते. रिकामा दिवस लिहिलेला असतो. तो लिहितो डिझेलवाला आणि व्यापारी, उधारीच्या वहीत, तारखेसकट. त्या वह्यांइतकी नेटकी शून्यं आमच्याकडेही नसतील.

हे सुचल्यावर मला इतकं बरं वाटलं की बंकवरच हसू आलं. वरच्या बंकवरची वैतागून कूस बदलली. बिचारीची बाराची पाळी आहे. माझीही आहे, पण मी झोपणार नाही हे उघड आहे. पुढची जागा आणखी आत, आणि तिथे काय येणार हे सगळ्यांना माहीत आहे.

काकासाठी मी मोठा मेसेज लिहिला होता. न्यूफाउंडलंड, उंबरा, सार्स, सगळं घालून. तो पुसला. फक्त विचारलं, "तुझ्या उधारीच्या जुन्या वह्या कुणाकडे असतील का रे अजून?"

लगेच उत्तर आलं. "कशाला गो? तू फेडतेस?"