पाकचेही पाच

28 मे 1998, गुरुवार. संध्याकाळच्या पाळीला ऑफिसात शिरले तर सगळा डेस्क टेलिप्रिंटरपाशी उभा. पाकिस्ताननं केले होते. काय केले होते, हे विचारायची गरजच नव्हती. 11 आणि 13 मेच्या आपल्या पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर "आज करतात की उद्या" एवढंच काय ते उरलं होतं. ठिकाण बलुचिस्तानातलं चगाई, रास कोहचे डोंगर. वेळ त्यांच्या घड्याळात दुपारी सव्वातीनची. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं त्यात अर्धा तास मिळवला आणि म्हणाला, "अगं, म्हणजे आपले पावणेचार. आपणही 11 तारखेला पावणेचारलाच उडवले होते!" ही जुळणी त्याला मूळ बातमीपेक्षा जास्त आवडलेली दिसली.

तेव्हा मी मुंबईतल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. माणसं कमी, त्यामुळे अडीनडीला रिपोर्टिंगही गळ्यात पडायचं. पाकिस्तानच्या चाचणीची बातमी आमच्याकडे मनानं कधीच लागून तयार होती, फक्त आकडा राहिला होता. पंतप्रधान नवाझ शरीफ तिकडे टीव्हीवर आले, हिशेब चुकता केला म्हणाले, पाच चाचण्या केल्याचं सांगितलं. वृत्तसंपादकांनी पॅडवर लिहिलं, ‘पाकचेही पाच’. दोन शब्द, आठ कॉलम. भूकंपमापकांवर एकच धक्का नोंदला गेला होता, 4.8 च्या आसपास. त्यातून पाच की दोन हे काही कळत नाही. मी विचारलं, "दावा म्हणायचं का?" ते म्हणाले, "म्हण की. बातमीत म्हण. मथळ्यात मावत नाही."

त्या ‘ही’मध्ये सगळं आलं होतं. आपले 11 तारखेला तीन, 13 ला दोन. त्यांचे एका दमात पाच. रात्रभर फोनवर हाच हिशेब ऐकायचा होता, पण त्याआधी मला बाहेर पिटाळण्यात आलं. "प्रतिक्रिया आण. चर्चगेटला जा, ऑफिसं सुटलीत. मग भेंडीबाजारात जा. फोटोग्राफरला घेऊन जा."

चर्चगेटला संध्याकाळी कुणाला थांबवायचं म्हणजे इंडिकेटरशी स्पर्धा. माणूस तुमच्याशी बोलत असतो आणि डोळे वर बोरिवली फास्टकडे. तरी लोक बोलले. आधीच्या वेळी, म्हणजे 11 तारखेनंतर, याच स्टेशनबाहेर पेढे वाटलेले होते, फटाके लागलेले होते. पोखरणनंतर लगेच एका इंग्रजी दैनिकानं सहा महानगरांत पाहणी केली, तिच्यात 91 टक्के लोकांनी चाचण्यांना पाठिंबा दिला होता. आज तीच माणसं, तीच बॅग, तोच डबा. पेढे अर्थातच नव्हते, पण मला वाटला होता तसा संतापही नव्हता.

एक तरुण चार मित्रांबरोबर होता. फोटोग्राफरनं फ्लॅश उडवला तसा त्याचा आवाज चढला. "उद्या सकाळी लाहोरवर टाकायला पाहिजे. एकदाचा निकाल." मित्रांनी टाळ्या दिल्या. मी लिहून घेतलं, नाव घेतलं, वय घेतलं. गाडी आली, मित्र चढले, हा दारातून परत उतरला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्हाला आतलं माहीत असतं. खरंच काही होईल का हो? माझा भाऊ जम्मूला आहे." मग पुढची गाडी पकडायला पळाला.

वहीत लाहोरचं वाक्य होतं. पेपरात तेच गेलं. भावाचं मी कॉपीत घातलं होतं, ते पानावर येईपर्यंत गळलं. प्रतिक्रिया म्हणजे तीन ओळी आणि एक स्टँपसाइज फोटो. एका माणसाची दोन मनं त्यात बसत नाहीत. आणि फोटो असला की माणूस चौघांत जे शोभेल तेच बोलतो. याला खोटं बोलणं म्हणता येणार नाही, पण पूर्ण खरंही ते नसतं.

भेंडीबाजारात, मुसलमान वस्तीत, आम्ही पोहोचलो तेव्हा अंधारलं होतं. तिथं का पाठवलंय हे मला माहीत होतं, फोटोग्राफरला माहीत होतं, आणि ज्यांच्याकडे आम्ही चाललो होतो त्यांना तर नक्कीच माहीत होतं. 92-93 च्या दंगलींना जेमतेम पाच वर्षं झाली होती. एका शिंप्याच्या दुकानात शिरलो. चाळिशीचा माणूस, गळ्यात टेप, मशीनवर शाळेच्या युनिफॉर्मच्या चड्ड्यांचा ढीग. शाळा सुरू व्हायच्या होत्या. मी ओळख सांगितली, प्रश्न विचारला. त्यानं मशीन थांबवलं नाही. शिवण पुरी केली, दोरा दातानं तोडला आणि मग विचारलं, "मॅडम, ग्यारह तारीख को आप आयी थीं क्या?"

नाही, म्हटलं.

"उस दिन तो किसी ने पूछा नहीं. उस दिन मेरे लड़के ने भी पटाखा फोड़ा इधर. फोटोवाला नहीं आया. आज उन्होंने फोड़ा तो आप आ गयीं."

पुढे तो काही चिडला वगैरे नाही. स्टूल पुढे केलं, चहा मागवला. प्रतिक्रिया मात्र दिली नाही. "जो चर्चगेटवालों ने बोला, वही मेरा लिख दो. वो हिंदुस्तानी, मैं भी हिंदुस्तानी." शेजारच्या दोन दुकानांत मात्र हवी तशी वाक्यं मिळाली, निषेधाची, देशाच्या पाठीशी असल्याची, पाठ केल्यासारखी. तीही छापून आली. चर्चगेटवर कुणी आपण देशाच्या पाठीशी आहोत असं सांगितलं नव्हतं, कारण मी तसं विचारलं नव्हतं. इथंही विचारलं नव्हतं. तरी सांगितलं गेलं.

नऊच्या सुमाराला ऑफिसात परत आले तर बोर्डावरचा ऑपरेटर वैतागलेला. "बॉम्बवाले सगळे फोन तुमच्याकडे देतोय." तेव्हा लोकांना काहीही कळेनासं झालं की पेपरला फोन करायची पद्धत होती. बारापर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशीचं माझं खरं काम तेच झालं. ते छापून कुठंच आलं नाही.

फोनवर कुणी ‘लाहोरवर टाका’ म्हणत नव्हतं. फोनवर लोक प्रश्न विचारत होते. वैष्णोदेवीची तिकिटं काढलीत, जाऊ की रद्द करू? पेट्रोल महागेल का? बँकेतले पैसे काढून ठेवू का? (शरीफनी त्याच दिवशी तिकडे आणीबाणी लावून परकीय चलनाची खाती गोठवली होती. ते टीव्हीवर ऐकून इथल्या माणसांना आपल्या ठेवींची काळजी लागली.) एका बाईंनी विचारलं, 71 च्या युद्धासारखा काचांना काळा कागद लावायचा का? मी म्हटलं, आजी, तसलं काही सरकारनं सांगितलेलं नाही. "सांगतील तेव्हा दुकानात कागद मिळत नाही," त्या म्हणाल्या. 65 ला त्यांना मिळाला नव्हता म्हणे.

किरणोत्साराचे फोन तर किती! वारा कुठून येतो, पाऊस तोंडावर आलाय, पहिल्या पावसात भिजायचं की नाही? मी डेस्कवरचा जीर्ण अ‍ॅटलस काढला आणि फूटपट्टी लावली. चगाई मुंबईपासून साडेतेराशे किलोमीटरच्या आसपास. सहज म्हणून पोखरणलाही पट्टी लावली: नऊशे. म्हणजे आपला स्फोट आपल्याला जास्त जवळ होता. दोन्ही जमिनीखालचे, त्यामुळे पावसात भिजायला हरकत नव्हतीच, पण 11 तारखेनंतर पावसाचा एकही फोन आला नव्हता. एका गृहस्थांना मी हे सांगितलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पण ते आपले होते ना." यावर मला काही सुचलं नाही.

मानखुर्दहून एक फोन आला. माणूस अगदी शांतपणे बोलत होता. "आमच्या मागे भाभा अणुकेंद्र. पहिला तिथंच पडणार ना?" हा प्रश्न खुळा नव्हता. सहा एप्रिललाच पाकिस्ताननं घौरी क्षेपणास्त्राची चाचणी केली होती आणि पल्ला दीड हजार किलोमीटर सांगितला होता. ट्रॉम्बेचं हे केंद्र कुठल्याही शत्रूच्या यादीत वरच असणार. मला एक गोष्ट आठवली, ती मी सांगितली: एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही असा भारत-पाकिस्तानचा करार आहे. 31 डिसेंबर 1988 ला सही झाली, आणि 1992 पासून दर एक जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देतात. अगदी संबंध तुटायला आले असतानाही देतात. तिकडे थोडा वेळ शांतता. "म्हणजे त्यांच्याकडे आमचा पत्ता आहे?" तो म्हणाला. मग स्वतःच हसला. फोन ठेवताना मला थँक यू म्हणाला. कशाबद्दल, देव जाणे.

शेवटचा लक्षात राहिलेला फोन एका रिटायर्ड गृहस्थांचा. 14 एप्रिल 1944 ला, व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ बोट फुटली तेव्हा ते डोंगरीला शाळेत होते. "चार वाजून गेले होते. आधी जमीन हलली, मग आवाज. लोकांच्या घरात सोन्याच्या विटा छप्पर फोडून पडल्या, ते सगळे सांगतात. आमच्या गॅलरीत काय पडलं ते मी सांगत नाही." मग म्हणाले, पेन घ्या. "बोटीवर चौदाशे टन स्फोटकं होती. हिरोशिमाचा बॉम्ब पंधरा हजार टनांचा. भागाकार करा." मी केला. दहापट, थोडा जास्तच. "आता तुमच्या त्या मथळ्यात पाच आणि पाच लिहाल, तेव्हा हा भागाकार शेजारी छापा."

मी वृत्तसंपादकांना विचारलं. त्यांनी कागद वाचला, चष्मा वर केला. माणूस वाईट नव्हता, त्यांना पटलंही असावं. पण पान एक भरलं होतं: शरीफ, क्लिंटन, लोकसभेतला गदारोळ. पंतप्रधान वाजपेयी म्हणत होते की आपली भूमिका रास्त ठरली. विरोधक म्हणत होते, तुम्हीच त्यांना वाट करून दिलीत. गृहमंत्री अडवाणींनी 18 तारखेला काश्मीरवरून पाकिस्तानला बदललेल्या परिस्थितीचं भान ठेवा म्हणून सुनावलं होतं, ते पुन्हा काढून त्याची चौकट केली होती. पाकिस्तानच्या झुल्फिकार अली भुट्टोंचं 65 सालचं ‘गवत खाऊ पण बॉम्ब करू’ हेही कुणीतरी शोधून आणलं होतं. "पत्रव्यवहारात घेऊ," वृत्तसंपादक म्हणाले. घेतलं गेलं नाही.

मला तेव्हापासून ‘संतप्त प्रतिक्रिया’, ‘तीव्र पडसाद’ असे मथळे वाचवत नाहीत. पडसाद होते, पण ते असे अर्धवट होते: भाऊ, तिकिटं, काचेचा कागद, मागचं अणुकेंद्र. शत्रूबद्दलचं मत लोकांकडे आधीपासून तयार असतं, ते वहीत दोन मिनिटांत मिळतं. त्या दिवशी नवं होतं ते हे की माणसांनी पहिल्यांदा आपण स्वतः नकाशावर कुठं आहोत ते शोधलं. पोखरणच्या वेळी ते कुणी शोधलं नव्हतं, मीसुद्धा अ‍ॅटलस काढला नव्हता.

शनिवारी, 30 तारखेला, पाकिस्ताननं खारानच्या वाळवंटात आणखी एक केला. या वेळी वृत्तसंपादकांनी प्रतिक्रिया मागवल्याच नाहीत. फोनही तुरळक. एकानं मात्र तक्रार केली, "ते एकानं पुढे गेले, तुमच्या लक्षात आलंय का?" आमच्या त्या घड्याळवाल्या सहकाऱ्यानं रिसीव्हर माझ्या हातातून घेतला आणि सांगितलं, "आपला 1974 चा पोखरणचा धरा साहेब, सहा-सहा." पलीकडचा माणूस एकदम निवळला.

सोमवारी एक जूनला यशवंत सिन्हांचा अर्थसंकल्प होता. संरक्षणासाठी 41,200 कोटी. पुन्हा प्रतिक्रियांची यादी निघाली: दोन चार्टर्ड अकाउंटंट, एक उद्योजक, तीन गृहिणी. मी म्हटलं, मी भेंडीबाजारातून आणते. "बजेटला तिथं कशाला?" वृत्तसंपादक म्हणाले, मग माझ्याकडे बघून, "बरं, जा. सातच्या आत ये."

शिंप्यानं ओळखलं. चड्ड्यांचा ढीग बराच खाली आला होता. बजेटचं विचारते आहे हे कळल्यावर त्यानं मशीन थांबवलं, धागा, अस्तर, वीज, दुकानाचं भाडं असं सगळं एका दमात सांगितलं, आणि मी लिहून घेतेय ना ते वहीत डोकावून पाहिलं. फोटोग्राफरला म्हणाला, थांब, आणि गळ्यातली टेप काढून ठेवली. दुसऱ्या दिवशी पान तीनवर, एका सी.ए. आणि पार्ल्याच्या एका गृहिणीच्या मध्ये, त्याच्या चारही ओळी जशाच्या तशा आल्या.