काट्यावरची साक्ष

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणीची मजुरी किलोवर ठरते. दिवस कलला की बाया आपापली गाठोडी घेऊन धुऱ्याशी येतात, बाभळीच्या फांदीला काटा टांगला जातो आणि एकेकीचे वजन वहीत चढते. अशा वेळी कापडाच्या नावाखाली थोडे अधिक वजन वजा करणे किंवा किलोवरचे ग्रॅम सोडून देणे हे बऱ्याच ठिकाणी इतके अंगवळणी पडले आहे की त्याला कोणी लबाडीही म्हणत नाही. ख्रिस्ती शेतकऱ्याच्या विश्वासाची परीक्षा गाव याच काट्यापाशी घेते, असे मला वाटते. रविवारच्या उपासनेत तो किती उंच स्वरात गातो हे शेजाऱ्यांना ऐकू येते खरे, पण त्यावरून ते त्याच्याबद्दल मत बनवत नाहीत.

पवित्र शास्त्र या बाबतीत फार रोखठोक आहे. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे, असे नीतिसूत्रे सांगतात. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नये आणि कापणी करताना शेताचे कोपरे गरिबांसाठी सोडावेत, असे लेवीयाच्या पुस्तकात आहे, तर शेतात राबणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, असे याकोब बजावतो. आमच्याकडे मजुरी आठवडी बाजाराच्या दिवशी चुकती करण्याची रीत मजुरांनाही सोयीची आहे. परंतु व्यापाऱ्याचा पैसा आला नाही ही सबब सांगून तो दिवस पुढे ढकलणे मला मान्य नाही, कारण त्या दिवशी बाजारात तेल-मीठ घ्यायचे असते ते मजुराला, व्यापाऱ्याला नव्हे. सोयाबीन निघाल्यावर सरवा वेचायला येणाऱ्यांना हाकलू नये आणि विकायच्या कापसावर पाणी मारू नये, या गोष्टी त्याच ओघात येतात. त्यांचा वेगळा गाजावाजा करण्याचे कारण नाही.

वेचणीला आरंभ करताना वऱ्हाडात सीतादही करतात. माझ्या शेतात येणाऱ्या बायांनाही ते करावेसे वाटते. मी त्या पूजेत भाग घेत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. मी बाजूला उभा राहून पिकासाठी आणि त्यांच्या हातापायांसाठी प्रार्थना करतो आणि त्यांना अडवत नाही. यावर आमच्या मंडळीतील काही जणांचा आक्षेप आहे की, शेत तुमचे, मग तुम्ही परवानगी देता कशी? माझे उत्तर एवढेच की शेत माझे असले तरी त्यांचे मन माझ्या सातबाऱ्यावर नाही. उलट, आपण सर्वांच्या सोबत आहोत हे दाखवण्यासाठी ज्याच्यावर विश्वास नाही त्याला हात जोडणे, हाही खोटेपणाच ठरेल.

वजन पूर्ण धरले की कधी ना कधी प्रश्न येतोच. एका बाईने मला सरळ विचारले, "काहून भाऊ, तुमी गाठोड्याचं वजन काहून नाई कापत? येशूनं सांगतलं का तुमाले?" अशा वेळी हसून विषय टाळणे सोपे असते, आणि पुष्कळ सज्जन ख्रिस्ती माणसे विनयाच्या नावाखाली तसेच करतात. मला ते पटत नाही. आपल्या आशेविषयी कोणी विचारले तर उत्तर देण्यास सदैव तयार असावे, मात्र ते सौम्यतेने आणि आदराने द्यावे, असे पेत्राने लिहिले आहे, आणि या वाक्याचे दोन्ही भाग पाळायचे आहेत. मी तिला सांगितले की हो, त्यानेच सांगितले; माझ्यावर देवाचे जे ऋण होते ते त्याने येशूमध्ये सोडून दिले आहे, तेव्हा तुझ्याकडून पाव किलो कापूस काढून घेण्याचे मला धैर्य होत नाही. कर्ज म्हणजे काय हे या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. बँकेचा हप्ता, खाजगी सावकार आणि कृषी केंद्राची उधारी ज्या घरात रोज बोलली जाते, तिथे "आमची ऋणे आम्हांला सोड" ही प्रभूच्या प्रार्थनेतील ओळ कानावर पडली की ऐकणारा थबकतो.

आता संशयाबद्दल. ख्रिस्ती माणसाने मदत केली की तिच्यामागे काहीतरी हेतू असणार, ही शंका आमच्या भागात जुनी आहे. विदर्भ मध्य प्रदेशात असताना, १९५४ मध्ये, त्या सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली आणि आमिष व मदतीच्या आडून धर्मांतरे होतात असा ठपका ठेवणारा तिचा अहवाल १९५६ मध्ये आला. त्या अहवालाशी मी सहमत नाही. तरीही शंका घेणाऱ्या प्रत्येकाला द्वेष्टा ठरवणे मला अन्यायाचे वाटते. राज्यघटनेचे २५वे कलम धर्म आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही असे म्हटले. कायद्याच्या पंडितांनी त्यावर वाद घालावा. श्रद्धेच्या दृष्टीने पाहिले तर कोणाचे अंतःकरण पालटणे हे माझ्या हातचे काम कधीच नव्हते.

याच कारणाने आजाऱ्याच्या खाटेपाशी फार जपून वागावे लागते. दवाखान्यात डबा घेऊन जाताना पिशवीत पत्रके नेऊ नयेत; प्रार्थना करू का, असे आधी विचारावे, आणि नको म्हटले तर डबा तितक्याच प्रेमाने देऊन, थोडा वेळ बसून परतावे. प्रार्थना केली म्हणून ताप उतरेल अशी हमी देणे तर सरळसरळ देवाच्या नावाने केलेला सौदा आहे.

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ नंतर ग्रामोद्योगाचे काम उभे करणारे जे. सी. कुमारप्पा यांचे उदाहरण मला या संदर्भात मोलाचे वाटते. ते ख्रिस्ती होते, आणि पेशाने हिशेबनीस. बिहारच्या भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे असताना, गांधीजींच्या सोबतच्या मंडळींचा खर्च त्या निधीतून देण्यास त्यांनी नकार दिला, अशी आठवण सांगितली जाते. पुढे याच माणसाने येशूचे आचरण आणि शिकवण यांवर लिहिले, तेव्हा वाचकाला त्यांच्या हिशेबाची वही आधीच माहीत होती. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा निर्णय त्यानंतर काही वर्षांनी, त्यांच्या स्वतःच्या मनाने झाला. घरच्या माणसालाही इतका वेळ द्यावा लागतो, हे उत्साही सुवार्तिकांनी ध्यानात घ्यावे.

प्रश्न विचारणाऱ्या त्या बाईने पुढे रविवारच्या प्रार्थनेला येऊ का, असे विचारले. घरी सांगून ये, लपून येऊ नकोस, असे आम्ही तिला म्हटले. ती नवऱ्याला सांगून येते, कधी सासूलाही आणते. बाप्तिस्म्याचा विषय तिने काढलेला नाही आणि आमच्या पाळकांनीही काढलेला नाही. येत्या हंगामात वेचणीचा दर काय ठेवणार, हे मात्र तिने मला उपासना संपल्याबरोबर विचारून घेतले.