नळीत नळी बसवताना

घरी यागी (एका दिशेला रोखलेला रेडिओ अँटेना) बनवणारे बरेच जण एलिमेंटच्या, म्हणजे नळीत नळी घालून केलेल्या त्याच्या दांड्यांच्या, लांबीवर रात्री जागवतात आणि सांध्यांना मात्र दोन स्क्रू मारून मोकळे होतात. माझा हिशेब उलटा आहे. लांबी थोडी चुकली तर नळी सरकवता येते. सांधा ढिला राहिला तर पावसात एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप) हलतो, वारा सुटला की रिसीव्हरमध्ये खरखर सुरू होते आणि आपण बिचाऱ्या कोॲक्स केबलला शिव्या घालत बसतो.

१४ मेगाहर्ट्‌झला ॲल्युमिनियममध्ये बहुतेक करंट वरच्या जेमतेम ०.०२ मिलिमीटरच्या थरातून वाहतो. बाहेरच्या नळीच्या पाठीवरून आलेला करंट आतल्या नळीवर उतरतो तो तोंडाशीच, म्हणून पकडही तिथेच हवी. दोन इंच आत दणकट बोल्ट आणि तोंडाशी खुळखुळाट, असे सांधे मी बरेच पाहिलेत.

इंची नळ्यांचं गणित सोपं आहे. भिंत ०.०५८ इंचाची घेतली की एक इंची नळीचा आतला व्यास ०.८८४ येतो, त्यात ०.८७५ ची नळी नऊ थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) फट ठेवून सुरेख सरकते. मेट्रिकमध्ये डोकेदुखी. २० मिलिमीटरच्या, दीड मिलिमीटर जाड नळीत १६ ची घातली तर एक मिलिमीटर मोकळं राहतं. मग अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याचा एक वेढा द्यायचा. पत्रा ॲल्युमिनियमचाच, तांबं-पितळ इथे नको, ओल लागली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

बाहेरच्या नळीच्या तोंडाला हॅकसॉने अधिकच्या चिन्हासारखे दोन छेद, इंचभर खोल. आता आत बोट फिरवा: छेदाच्या कडेला बर, म्हणजे कापताना उठलेली खरबरीत धार, नखाला अडकते. ती गोल कानशीने पूर्ण काढायची. राहिली तर आतली नळी ओरखडत जाते आणि मध्येच अशी जाम होते की पुढेही नाही, मागेही नाही. मग दोन्ही पृष्ठभाग घासून लगेच अँटीऑक्सिडंट पेस्टचा पातळ हात. लगेच, कारण उघड्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइड धरायला वेळ लागत नाही आणि ऑक्साइड वीज वाहू देत नाही. नळी तीन-चार इंच आत गेलेली असावी.

ट्यूनिंग होईपर्यंत होज क्लॅम्प, म्हणजे स्क्रूने आवळायचा गोल पट्टा. पट्टा स्टेनलेस आणि स्क्रू साधा, असा माल सर्रास मिळतो, तेव्हा स्क्रूही तपासून घ्या. आवळल्यावर छेद पूर्ण मिटले तर फट जास्त आहे. पत्र्याची पट्टी घाला, पाना आणखी फिरवून उपयोग नाही.

लांबी पक्की झाली की ३.२ मिलिमीटरचे तीन ॲल्युमिनियम रिव्हेट, नळीभोवती सारख्या अंतरावर. सांधा पुन्हा खोलायचा झालाच तर त्याच मापाच्या ड्रिलने डोकी उडवायची. रिव्हेटचे उरलेले तुकडे नळीत पडतात. नळी उभी धरून झटका, नाहीतर ते आत वाजत राहतील.